आमच्या आज्याचा दगड विकणे नाही

गेल्या उन्हाळ्यात गावाकडून नानाचा फोन आला. नाना म्हणजे माझा चुलता. म्हणाला, "येऊन जाय एकदा. घराचं काय ते ठरवून टाकू. गिऱ्हाईक आलंय." मला वाटलं, जागेला गिऱ्हाईक आलं. तसं नव्हतं. गिऱ्हाईक आमच्या भिंतीतल्या दगडाला आलं होतं.

आधी माझं सांगतो. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर काम करतो. शिक्षण दहावी पास. कविता लिहितो. राहतो शिवडीला, पोर्टाच्या जमिनीवरच्या झोपडीत. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, माणसं सहा. पायाखालची जमीन आमची नाही, नोटीस कधी येईल त्याचा नेम नाही. माझ्या बापाच्या नावावर अख्ख्या दुनियेत एकच घर आहे, तेही भावासोबत सामाईक. ते सिल्लोड तालुक्यातल्या एका गावात, जुन्या महारवाड्यात, ज्याला आता भीमनगर म्हणतात तिथं. गावाचं नाव सांगत नाही. तुमच्या गावाचं नाव घाला, हिशेब तोच येईल.

घर दोन खणांचं. चारी भिंती काळ्या दगडाच्या, अडीच फूट जाड. वर मातीचं धाबं. समोर जोतं. खिडकी एकही नाही. उजेडासाठी आणि धुरासाठी धाब्याला वर एक भोक, त्याला आमच्यात साणं म्हणतात. दाराच्या डाव्या अंगाला एक घडीव दगड आहे, त्याच्यावर अर्धं कमळ कोरलेलं आहे. तेही उलटं. लहानपणी मी आज्याला विचारलं होतं, कमळ उलटं काहून? आज्या म्हणाला, "दगड जसा बसतो तसा बसवावा लागतो. फूल पाहत बसलो असतो तं भिंत उभी राहिली नसती."

आता त्या दगडाचा इतिहास सांगतो. आमच्या तालुक्यात राजे-सरदारांचे इतिहास पुष्कळ सांगतात, हा कोणी सांगत नाही.

आमच्या भागातला दगड म्हणजे काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून आलेला तापलेला रस थरावर थर थिजून झालेला. लोखंडासारखा. वडाराचा घण त्याच्यावर पडला की ठिणगी उडते. असा दगड फोडून, गाड्यांवर लादून, डोक्यावर वाहून गावच्या मालकाचा वाडा झाला. तेव्हा मराठवाडा निजामाकडे होता. माझा पणजा त्या वाड्याच्या मागल्या बाजूच्या बांधकामाला दगड वाहत होता. मजुरी नाही. वेठ. सकाळी येसकराची हाक यायची आणि घरातला कर्ता माणूस निघायचा. संध्याकाळी भाकरी मिळाली तर मिळाली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. पुढं घटनेच्या २३ व्या कलमानं वेठबिगारीला बंदी घातली. पण वाहिलेला दगड काही परत आला नाही. तो वाड्यात बसला तो बसलाच.

आज्या दुसऱ्या पिढीतला. १९७२ च्या दुष्काळात आजी आणि तो खडीवर होते. दिवसभर दगड फोडायचा, सुकडी खायची, पुन्हा फोडायचा. तिथंच एका वडार मिस्त्रीच्या हाताखाली आज्याला दगडाची नस कळाली. कुठं मारलं की सरळ फुटतो, कुठं मारलं की चुरा होतो. शाळेत न गेलेल्या माणसाचं ते शिक्षण.

मग १९७८. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, तेही नामविस्तार म्हणून. हे तुम्हाला पाठ आहे. पण एक गोष्ट माझ्या आजीकडून ऐका. आमच्या गावात घरं जळाली नाहीत, पण बायामाणसं लेकरं घेऊन कित्येक रात्री पिकात झोपली. तेव्हा आमचं घर कुडाचं होतं. पऱ्हाट्या, चिखल, वर गवत. आजी सांगते, "त्या रात्री तुझ्या आज्यानं ठरवलं. म्हणाला, आता घर बांधीन तं असं, की त्याला काडी लागणार नाही."

म्हणून आमचं घर दगडाचं. शौक म्हणून नाही. काडी लागू नये म्हणून.

१९८३ च्या पावसाळ्यात वाड्याची मागली भिंत पडली. मालकानं दगड गाडीवारी विकायला काढला. आज्यानं तो घेतला. पैसे नव्हते, म्हणून दोन सालं त्याच मालकाकडं सालगडी राहून फेडले. म्हणजे काय झालं बघा. बापानं जो दगड फुकटात वाहून वाड्याला लावला, तोच दगड लेकानं दोन सालं राबून विकत घेतला. मग स्वतः रचला. उलट्या कमळासकट.

आणि आता तिसरी फेरी. त्या मालकाचा नातू पुण्यात असतो. वाडा दुरुस्त करून, वाढवून तिथं अजिंठ्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी राहायची सोय काढायची आहे. पडलेली बाजू पुन्हा उभी करायची आहे. शहरातून आर्किटेक्ट आणलाय. आर्किटेक्ट म्हणतो, जुन्या भिंतीला जुनाच दगड पाहिजे, मशीनवर कापलेला शोभत नाही. मग कोणीतरी सांगितलं, तुमचा जुना दगड तर भीमनगरात आहे. झालं. नातू गाडी घेऊन भीमनगरात आला, आमच्या जोत्यावर बसला, चहा प्यायला. आज्याला त्याचा आज्या अरे-तुरे करायचा. हा नानाला 'काका' म्हणाला. साठ हजार देतो म्हणाला. वर म्हणाला, घर आमचीच माणसं उतरवतील, तुमचा पाडायचा खर्चपण वाचला. कमळाच्या दगडाचे वेगळे पाच हजार. त्याची जोडी वाड्यातल्या चौकटीपाशी आहे म्हणे.

बोलणं गोड होतं. माणूस वाईट नसेलही. पण दोस्तांनो, हिशेब वाईट आहे.

हे ऐकून मी खवळलो. नानाला म्हणालो, "नाना, तुम्ही इसार घेतला नाही ना?" नाना म्हणाला, "घेतला नाही. पण काहून घेऊ नये ते सांग." आणि नानानं जे सांगितलं ते तुम्हीही ऐका. आपण शहरातले पोरं गावाकडच्या माणसाला फार लवकर लाचार ठरवून मोकळे होतो.

नानाचं नाव घरकुलाच्या यादीत आलंय. घरकुल म्हणजे किमान २६९ चौरस फूट. केंद्रानं २०१६ साली ग्रामीण आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजारांचा आकडा बांधला. रमाई आवासही त्याच मापाचं. वर मजुरीचे दिवस, संडासाचे पैसे. एवढ्यात स्लॅब पडत नाही हे लहान पोरालाही कळतं. म्हणून प्रत्येक जण वर कर्ज काढतो. साठ हजार आले तर कर्ज नाही. शिवाय घरकुल मिळतं कच्च्या घराच्या जागी. खिडकीवरचा माणूस म्हणाला, जुनं पाडा, मोकळ्या जागेचा फोटो द्या, मग पहिला हप्ता. नाना म्हणाला, "पाटलाच्या घराला स्लॅब, वाण्याच्या घराला स्लॅब. माह्या डोक्यावर माती काहून? माही पोरगी बारावीला हाये. तिच्या मैत्रिणी घरी आल्या की ती त्यांना बाहेर जोत्यावर बसवती. आत आणत नाही. अंधार दिसल, धूर दिसल म्हणून."

मी गप्प बसलो. स्लॅब ही आमच्या माणसाची इज्जत आहे. ज्याला पिढ्यान्पिढ्या पक्कं काही मिळालं नाही, त्याला पक्क्याची ओढ असणारच. शहरातल्या पुस्तकी माणसानं त्याला 'मातीच्या घराचा गारवा' शिकवू नये. गारवा आम्हाला ठाऊक आहे. त्या गारव्यात विंचू असतात.

मीही तेच केलं. तेही कबूल करतो. मी म्हणालो, घर आहे तसंच ठेवू. धाबं नव्यानं घालू. पुढं दगडी ओसरी काढू, लाकडी खांब लावू, उथळ्यावर उभे करू. वाड्यासारखं. बोलता बोलता मला माझीच कविता ऐकू येत होती. आजी कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, "खांबाला टेकून कोण बसणार? तू दोन दिस बसशील न् मुंबईला जाशील. धाब्यावर माती तू चढवणार का?"

दोस्तांनो, धाबं म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिंतीवर तुळ्या, तुळ्यांवर आडवी लाकडं, त्यावर फांद्या, पऱ्हाट्या, मग चिखल, मग पांढरी माती. ही पांढरी माती पाणी धरत नाही, दाबून बसते. पण पावसानं दरसाल झिजते. म्हणून मृगाच्या आधी दरसाल नवा थर. टोपल्या कोण वाहतं? बाई. शिडीवरून, डोक्यावर. आजीनं तीस वर्षं वाहिल्या, आता काकी वाहते. आणि प्रत्येक थरानं धाबं जड होतं. जुना थर कोणी काढत नाही, नवा चढत जातो. आमच्या धाब्यावर हातभर माती झाली होती. तुळई वाकून धनुष्य झालेली. गावाच्या भाषेत 'काळी' म्हणजे शेत आणि 'पांढरी' म्हणजे वस्ती. काळी आमच्या नावावर कधी नव्हतीच. पांढरी होती ती बायांच्या डोक्यावर.

आजी पुढं म्हणाली ते मी वहीत लिहून ठेवलंय. "भिंत ऱ्हाऊ दे. ती तुझ्या आज्यानं घातलीय. डोक्यावरची माती काढ. आन मला उजेड दे. आन पोरीला अब्रूनं जाता यील असा संडास दे."

माझ्या सगळ्या थिअऱ्या एका बाजूला आणि हे एका बाजूला. घराच्या दुरुस्तीचा याच्यापेक्षा नीट आराखडा कोणत्या आर्किटेक्टनं काढला असता?

पण भिंत ठेवण्याजोगी आहे का? मराठवाड्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं झोपेत गेली. ती घरं अशीच होती. दगड, मधे माती, वर धाब्याचं ओझं. तेव्हापासून आमच्याकडं दगडाच्या घरात झोपणाऱ्याच्या मनात एक भीती असते. म्हणून आम्ही सिल्लोडवरून एका वडार मिस्त्रीला आणलं. सत्तरीचा माणूस. किल्लारीनंतर सरकारनं जी घरं दुरुस्त करून मजबूत करायची मोहीम काढली होती, त्यात त्यानं तिकडं काम केलेलं. त्यानं भिंतीला कान लावला. सुतकीनं ठोकत ठोकत चारी बाजूंनी फिरला. एका जागी थांबला, म्हणाला, "इथं पोट आलंय."

मग त्यानं समजावलं. अशी भिंत म्हणजे एक भिंत नसते, दोन असतात. आतलं तोंड आणि बाहेरचं तोंड, मधे गोटे-मातीची भर. दोन्ही तोंडांना बांधणारा लांब आरपार दगड मधेमधे नसला, तर हादऱ्यानं नाहीतर पाण्यानं दोन तोंडं एकमेकांपासून फाकतात. पोट येतं. मग भिंत बसते. वरून हातभर मातीचं ओझं असलं की माणूस त्याच्याखाली. मी म्हणालो, "मामा, मग दगडच वाईट?" म्हातारा हसला. "दगड काय करतो? तो जिथं ठुला तिथं ऱ्हातो. वाईट वरचं ओझं न् वाईट ढिलं बांधकाम."

त्याचं सांगणं असं. एक, धाबं पूर्ण उतरवा. चांगली लाकडं ठेवा, कुजलेली टाका, वर हलकं छप्पर घाला. दोन, भिंतीला साधारण चार-चार फुटांवर, दर दोन फूट उंचीला आरपार दगड बसवा. एका वेळी एक भोक पाडायचं, दगड घालून घट्ट करायचं, मग दुसरं. तीन, धाबं उतरलं की भिंतीच्या माथ्यावरून चारी बाजूंना कवळणारा सळई-सिमेंटचा पट्टा टाका, म्हणजे चार भिंती एकमेकींचा हात धरतील. चार, बाहेरून सिमेंटचा गिलावा थापू नका. आत माती, बाहेर सिमेंट म्हणजे आतला ओलावा कोंडतो, माती सुटते, पाच-सहा वर्षांत गिलावा फुगून पडतो आणि भिंत आतून पोकळ झालेली असते. सांधे चुन्यानं भरा. पाच, खिडकी पाडायची तर कोपऱ्यापासून दूर, वर लिंटल टाकून, आणि एका भिंतीत एकच. सहा, जोत्याभोवतीचं पाणी लांब काढा, दगडाच्या भिंतीचं मरण पायातल्या पाण्यात असतं. आणि नवी खोली मागं काढायची तर तिचा पाया जुन्याइतका खोल न्या, नाहीतर नवं बसतं, जुनं तडकतं.

हे सगळं त्या माणसानं अर्ध्या तासात सांगितलं. त्याच्याकडं सर्टिफिकेट नाही. वाड्याच्या कामावर तोच म्हातारा रोजंदारीनं दगड घडवतो. आर्किटेक्टचं नाव पाटीवर आहे, ह्याचं हजेरीपटावर.

पाटीवरून आठवलं. सिल्लोडवरून जळगावच्या रस्त्याला लागलं की अजिंठा गाव लागतं, ते आमच्याच तालुक्यातलं. घाट उतरला की लेणी. नानाच्या पोरीला घेऊन मी तिथं गेलो होतो. १६ नंबरच्या लेण्यात दगडावर लेख आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव, त्यानं पाचव्या शतकात ते दान दिलं. त्याचं नाव दीड हजार वर्षं टिकलं. छिन्नी धरणाऱ्याचं नाव कुठंही नाही. पण २४ नंबरचं लेणं अर्धवट राहिलंय. पूर्ण झालं असतं तर तिथल्या मोठ्यात मोठ्या विहारांत मोडलं असतं. काम बंद पडलं म्हणून तिथं छिन्नीचे घाव तसेच दिसतात. पोरगी हात फिरवून म्हणाली, "दादा, हे तं आपल्या घरच्या दगडासारखंच लागतं." तोच पाषाण. तेच हात. वाड्यात, विहारात, खडीवर, रस्त्यात. फरक एवढाच की तथागताच्या भिक्खूंसाठी खोदलेल्या खोलीत जात विचारून आत घेत नव्हते. वाड्यात आम्ही दगड घेऊन गेलो आणि ज्या दिवशी शेवटचा दगड बसला त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर उभे राहिलो.

आता मुद्द्यावर येतो.

त्या वाड्याचा दगड आणि आमच्या घराचा दगड एकाच खाणीचा, एकाच भिंतीतला. तो वाड्यात असला की 'वारसा'. आमच्या घरात आला की 'कच्चं घर'. २०११ च्या जनगणनेत भिंतीच्या सामानाचे रकाने होते. त्यात दगडाचे दोन: चुना-सिमेंटात बांधलेला आणि तसाच रचलेला. आमचा आज्या दुसऱ्या रकान्यात गेला. वाडेही पुष्कळदा मातीतच बांधलेले असतात, पण वाड्याला कच्चं कोण म्हणणार? वाड्यावर पुस्तकं निघतात, फोटोंची प्रदर्शनं भरतात. जुने दरवाजे, तुळ्या शहरात नेऊन हॉटेलांत लावतात, त्याखाली बसून लोक पिठलं-भाकरी खातात, दर डोळे पांढरे करणारा. या सगळ्या वारसावाल्या सांस्कृतिक दलालांना माझा एक साधा प्रश्न आहे. तुमच्या पुस्तकात वाड्याच्या चौकाचं माप आहे, कोरीव कामाचं वर्णन आहे. दगड कोणी वाहिला आणि त्याला काय दिलं, हे कोणत्या पानावर आहे?

वाडे दुरुस्त करू नका असं मी म्हणत नाही. करा. मिस्त्रीला पुरी मजुरी द्या, पाटीवर त्याचंही नाव लावा आणि वेठीचा इतिहासही लावा. पण तुमचा वारसा पुरा करायला आमची भिंत उतरवू नका.

दुसरा प्रश्न सरकारला. घर पाडायला फोटो मागता, घर वाढवायला पैसे का देत नाही? इंदिरा आवास योजनेत एके काळी नव्या घरासोबत कच्च्या घराच्या सुधारणेलाही पैसे होते. थोडे होते, पण होते. आमच्या घराच्या चारी भिंती उभ्या आहेत, पाया आहे. घरकुलाच्या रकमेत धाबं उतरून, पट्टा टाकून, एक खोली आणि संडास वाढवून घर पक्कं होतं, आणि माप २६९ फुटांच्या वर जातं. कागदाला हे समजत नाही. कागदाला एकच समजतं: आधी पाडा. २०२० पासून गावठाणात ड्रोन फिरवून मालमत्तेच्या सनदा देतात, चांगलं आहे. पण ड्रोनला वरून छप्पर दिसतं. भिंतीत कोणाचा घाम आहे ते दिसत नाही.

तिसरा प्रश्न आपल्याला. मला ठाऊक आहे, तुमच्यातला कोणीतरी म्हणणार, बाबासाहेबांनी तर गाव सोडा सांगितलं, हा कसल्या गावच्या घराच्या गोष्टी करतो? बरोबर. बाबासाहेबांनी गावाची पूजा करणाऱ्यांना घटना समितीत, ४ नोव्हेंबर १९४८ ला, तोंडावर सुनावलं. गावगाड्याची मलाही माया नाही. माझा बाप गाव सोडून आला म्हणून मी दहावी झालो. पण गाव सोडा म्हणजे गावातला हक्क मालकाच्या नातवाला साठ हजारात देऊन या, असं त्यांनी कुठं सांगितलं? ज्या माणसानं आयुष्यभर हक्काचा कागद कसा वाचायचा ते शिकवलं, त्यानं मुंबईत घर बांधलं ते कशासाठी? पुस्तकांसाठी. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह १९३० च्या दशकात उभं राहिलं ते हजारो ग्रंथांना जागा पाहिजे म्हणून. आणि ७ जुलै २०२० ला त्याच घराच्या आवारात घुसून कुंड्या आणि काचा फोडल्या. आपलं घर उभं राहिलं की ते कोणाच्या तरी डोळ्यांत सलतं. म्हणूनच ते उभं पाहिजे.

आपल्यापैकी किती जणांची गावाकडची घरं कुलूप लावून पडलीत? शिवडी, वडाळा, घाटकोपर, चेंबूर, मुकुंदवाडी. आपण इथं दहा बाय बारात नोटिशीच्या भीतीनं जगतो आणि तिकडं हक्काची भिंत पावसात बसते. जयंतीला जातो, झेंडा लावतो, घराकडं बघून 'काय राहिलंय इथं' म्हणतो आणि परत येतो. मीही तेच करत होतो.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. साठ हजार नाकारले. नानानंच नाकारले, मी नाही. आजीचं ऐकून तो रात्रभर जोत्यावर बसला, सकाळी फोन करून म्हणाला, "दगड विकणे नाही." घरकुलाचा अर्ज ठेवलाय, दुरुस्ती आणि वाढीव खोली धरून मंजूर करा अशी लेखी मागणी दिलीय. उत्तर आलेलं नाही. माझी आठ महिन्यांची बचत ४५ हजार, नानाच्या चार शेळ्या, काकीच्या बचत गटाचं कर्ज, एवढ्यावर काम काढलं. धाबं उतरवलं. आज्यानंतरची सगळी माती खाली आली, अंगणात ढीग झाला, आजी त्याच्याकडं बघत होती, काही बोलली नाही. माथ्यावर पट्टा पडला. बांबूच्या तट्ट्यावर पत्रा चढला. पश्चिमेच्या भिंतीत खिडकी पाडली. मागच्या खोलीचं काम जोत्यापर्यंत आलंय, संडासाचा खड्डा झालाय, बाकी पैसे येतील तसं. खोली दहा बाय दहाची. तिच्यात चूल नाही, कणगी नाही. एक टेबल आणि भिंतीत फळ्या. ती नानाच्या पोरीची आणि भीमनगरातल्या जिला जिला वाचायला जागा पाहिजे तिची.

आणि नमुना आठवर आज्यानंतर नुसते लेकांचे नाव होते. आता आजीचंही नाव घालायचा अर्ज दिलाय. तीस वर्षं तिनं ते घर डोक्यावर वाहिलं, कागदावर ती कुठंच नव्हती. मालकाच्या नातवाला विचारलेला प्रश्न आपल्याच घरात आपल्यालाही विचारावा लागतो.

दोस्तांनो, सुट्टी काढा आणि गावी जा. आपली भिंत बघा. एखादा जाणता मिस्त्री घेऊन जा, भिंत ठेवण्याजोगी नसेल तर खुशाल पाडा, स्लॅब टाका, पण शरम वाटते म्हणून पाडू नका आणि वाड्यासारखं दिसावं म्हणूनही सजवू नका. कागद बघा, आईचं-आजीचं नाव लावा. डोक्यावरची माती उतरवा. आणि एक खोली वाढवा, पुस्तकाची.

खिडकी पाडली त्या दिवशी संध्याकाळचं ऊन पहिल्यांदा आत आलं. समोरच्या भिंतीवर पडलं. आजी म्हणाली, "चाळीस वर्षं झाली या घरात, ही भिंत मी आज पाह्यली."

उलटं कमळ जागच्या जागी आहे. ते तिथंच राहील.

जय भीम!